भरल्या गाडीचें माप



कुटुंबासाठीं मोठी मोटारगाडी घेण्याचा विचार आतां पुष्कळ घरांत चालतो. सात माणसें बसावीं, घाट चढावा, पावसाळ्यांत दगा होऊं नये, अशी अपेक्षा असते. मग चार कंपन्यांचीं पत्रकें समोर पसरून तुलना सुरू होते. तुलनेची ही विद्या मात्र नवी नव्हे. तिला इतिहास आहे. तो लक्षांत घेतला म्हणजे पत्रकांतील आंकडे कसे वाचावे, हें कळूं लागतें. त्याविषयीं आज चार शब्द बोलण्याचें योजिलें आहे.

आमचें कोयनानगर घाटमाथ्यावर वसलें आहे. धरण होण्यापूर्वीं या भागाची ओळख हेळवाक या गांवावरून होत असे. पूर्वेस पाटण व कऱ्हाड. पश्चिमेस कुंभार्लीचा घाट आणि त्याच्या पायथ्यापलीकडे चिपळूण. कोंकणांतील मीठ वर येई, देशावरचें धान्य व गूळ खालीं जाई. हा माल आधीं बैलांच्या पाठीवरून गेला. सडक झाल्यावर गाड्यांतून जाऊं लागला. वर्षाकांठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणारा हा मुलूख! येथें वाहनाची निवड ही हौसेची बाब कधींच नव्हती.

त्या काळचा शेतकरी गाडी कशी पारखीत असे? सुताराच्या अंगणांत उभी असलेली रिकामी गाडी पाहून तो भुलत नसे. आंस किती ओझें सोसतो, चाकाची धांव सैल तर नाहीं, हें तो आधीं पाही. भार पुढें आला तर उतारावर जूं बैलांच्या मानेवर दाबतें. भार मागें गेला तर गाडी उलाळ होते. म्हणून माल कोठें ठेवावयाचा याचाही विचार गाडी घेतांनाच होई. माणसांसाठीं छकडा किंवा धमणी निराळी, मालाची गाडी निराळी. परंतु दोहोंचीही परीक्षा भरल्यावरच होत असे.

मोटारींच्या जगांतही आरंभीं हाच न्याय होता. अमेरिकेंत शेवरोले कंपनीनें १९३५ सालीं ‘सबर्बन’ नांवाची गाडी काढली. हलक्या मालमोटारीचा सांगाडा, त्यावर पोलादी अंग आणि आंत आठ माणसांची सोय, अशी तिची रचना. आजच्या मोठ्या कुटुंबगाडीची ही आद्य पूर्वज म्हणावयास हरकत नाहीं. पुढें १९४० सालीं अमेरिकन लष्करानें एका लहान, चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाडीची मागणी केली. गाडीनें ६०० पौंड ओझें वाहिलें पाहिजे आणि तिचें स्वतःचें वजन १३०० पौंडांच्या आंत असलें पाहिजे, अशी अट होती. ही अट कोणासही पाळतां आली नाहीं; ती सैल करावी लागली. बँटम, विलीज व फोर्ड या तीन कंपन्यांच्या गाड्या लष्करानें कसून तपासल्या. पहिली गाडी बँटमनें सिद्ध केली होती, परंतु तिचा कारखाना लहान होता. विलीजच्या गाडीचें वजन जास्त भरलें, तरी तिचें इंजिन सर्वांत जोरकस ठरलें. अखेर विलीजला मान मिळाला, तिच्याच नमुन्याबरहुकूम फोर्डनेंही गाड्या बनविल्या, आणि ‘जीप’ हें नांव जगभर झालें. गाडी चांगली असणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच तिच्यामागें उभा असलेला कारखाना समर्थ असणें महत्त्वाचें, हा धडा त्या तुलनेंत आहे.

युद्ध संपतां संपतां, १९४५ सालीं, महिंद्रा बंधू व गुलाम महंमद यांनीं ‘महिंद्रा अँड महंमद’ ही पेढी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ सालीं पेढीचें नांव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ असें झालें. त्याच सुमारास मुंबईत माझगांव येथें विलीज जीपचे सुटे भाग जोडून गाड्या तयार होऊं लागल्या. १ जून १९४८ रोजीं पुणें–अहमदनगर मार्गावर सरकारी एस्. टी. सुरू झाली. सामान्य माणसाला एस्. टी. आणि साहेबाला जीप, अशी वांटणी पुष्कळ वर्षें चालली.

कोयना धरण १९६४ सालीं पुरें झालें आणि शिवसागराच्या पाण्याखालीं अनेक गांवें गेलीं. तेथलीं कुटुंबें सातारा, सांगली, सोलापूर, ठाणें, रायगड अशा जिल्ह्यांत पांगलीं. पाटण तालुक्यांतील कित्येक घरांतले कर्ते पुरुष मुंबईस माथाडी कामावर गेले. एका घरचीं माणसें चार ठिकाणीं राहूं लागलीं. जत्रेला, लग्नाला, तेराव्याला तेवढीं एकत्र येऊं लागलीं. मोठ्या गाडीची खरी गरज आमच्याकडे येथून उत्पन्न झाली. ती गरज प्रथम वडापनें भागविली. आडव्या बांकांची जीप किंवा ट्रॅक्स उभी राही. आंत माणसें दाटीनें भरलीं जात. मुलें मांडीवर आणि पोरसवदा गडी मागल्या पायरीवर लोंबकळत. माणसें घरीं पोहोंचलीं हें खरें. पण कित्येक पोहोंचलीं नाहींत, हेंही तितकेंच खरें.

घरच्या मालकीची मोठी गाडी त्यानंतर आली. १९९४ सालीं पुण्याच्या टेल्को कारखान्यानें ‘सुमो’ काढली. हें नांव जपानी मल्लांवरून आलें असें पुष्कळांस वाटतें. वास्तविक तें सुमंत मुळगांवकर या थोर यंत्रविशारदाच्या नांवाचीं आद्याक्षरें जोडून केलेलें आहे. १९९८ सालीं सफारी, २००० सालीं बोलेरो व क्वालिस, २००२ सालीं स्कॉर्पिओ, २००५ सालीं इनोव्हा, अशी रांग लागली. यांतील बहुतेक गाड्यांची बांधणी बैलगाडीसारखी दुमजली होती: खालीं शिडीसारखा सांगाडा, वर बसविलेलें अंग. अशी गाडी खडबडीत रस्त्यावर टिकते, पण वजनानें जड असते व वळणावर अधिक कलते. दुसऱ्या प्रकारांत अंग व सांगाडा एकजीव असतात. ती गाडी हलकी आणि बसण्यास सुखावह होते. २०२१ सालची नवी सफारी या दुसऱ्या जातीची, तर २०२२ सालची स्कॉर्पिओ-एन पहिल्या जातीची. दोहोंत श्रेष्ठ कोणती, असा प्रश्न विचारणें व्यर्थ आहे. आपला रस्ता कोणता, हा प्रश्न आधीं.

आतां मुख्य मुद्दा. आज मोठ्या गाडीचीं मापें रिकामेपणींच घेतलीं जातात. २०२३ सालीं वस्तु-सेवा-कराच्या मंडळानें मोठी गाडी कोणती हें ठरविलें: लांबी चार मीटरांहून अधिक, इंजिन १५०० घन-सेंटीमीटरांहून मोठें, आणि पोटाखालची उंची किमान १७० मिलिमीटर. ही उंची गाडी रिकामी असतांना मोजावी असेंही सांगितलें. करासाठीं तें ठीक आहे. पण सात माणसें बसल्यावर गाडी किती खालीं येते, हें तें माप सांगत नाहीं. सुरक्षिततेच्या तारकांचेंही तसेंच. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची स्वतःची ‘भारत एन्‌कॅप’ परीक्षा सुरू झाली, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु समोरच्या धडकेच्या चांचणींत पुढें दोन प्रौढांच्या आणि मधल्या रांगेंत दोन बालकांच्या प्रतिकृती बसवितात; तिसरी रांग रिकामीच असते. आणि आपण तेथें कोणाला बसवितों? नातवंडांना!

म्हणून गाडी घेतांना पुढील गोष्टी अवश्य पाहाव्या. पूर्ण भारासह किती वजन चालतें, त्यांतून गाडीचें स्वतःचें वजन वजा करावें. माणशीं ६५ किलो धरले तर सात जणांचे ४५५ किलो होतात. वर सामान ५० किलो. हे ५०५ किलो त्या वजाबाकींत बसतात काय? तिसरी रांग उभी असतां सामानास जागा उरते काय? सामान टपावर चढविलें तर गाडी डोईजड होते, आणि सगळा भार मागल्या चाकांपलीकडे गेला तर जुन्या गाडीसारखीच तीही उलाळ होऊं पाहते. प्रत्येक आसनाला, अगदीं शेवटच्यालाही, खांद्यावरून येणारा पट्टा आहे काय? तिसऱ्या रांगेंतील म्हाताऱ्या माणसास कोणाच्या मदतीशिवाय बाहेर पडतां येतें काय? आणि गाडी बिघडली तर दुरुस्तीची सोय कऱ्हाडास आहे, कीं पुण्यास?

शेवटीं, गाडी चालवून पाहावयाची ती दुकानापुढल्या सपाट रस्त्यावर एकट्यानें नव्हे. घरचीं सर्व माणसें आंत बसवावीं, जवळचा घाट एकदां चढावा आणि खालच्या गिअरांत सावकाश उतरावा. उतारावर गतिरोध कसा लागतो, हें तेव्हांच कळतें. विक्रेता का-कूं करील. आपण आग्रह धरावा. आपल्या पूर्वजांनीं रिकाम्या गाडीचें मोल कधीं केलें नाहीं. आपणही करूं नये.