मिठाच्या मोलाने आलेला रूळ

रेल्वेच्या दुपदरीकरणावर काहीही लिहिलं की एक प्रतिक्रिया हमखास येते: "रेल्वे पाहिजे, पण रूळ नको, असं कसं चालेल?" प्रश्न रास्त आहे. पण हा रूळ गोव्यात कोणासाठी आला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे माहीत असलं तर उत्तर सोपं जातं. म्हणून आज थोडा इतिहास. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

२६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बनमध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांनी एक करार केला. दोन्ही मुलखांमधले जकातीचे अडथळे काढायचे, मुरगावला बंदर बांधायचं आणि तिथून घाट चढून ब्रिटिश हद्दीला भिडणारी रेल्वे टाकायची. घाटावरच्या कापसाला नि धान्याला समुद्र गाठायला जवळची वाट हवी होती. ती वाट गोव्यातून जात होती, एवढाच काय तो आपला संबंध.

बदल्यात ब्रिटिशांनी काय मागितलं? मीठ. त्यांच्या राज्यात मिठावर जबर कर होता आणि गोव्याचं स्वस्त मीठ घाटावर जाणं त्यांना परवडणारं नव्हतं. म्हणून इथल्या मिठाच्या उत्पादनावर त्यांनी ताबा मिळवला आणि पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये द्यायचं ठरलं. ते पैसे रेल्वेच्या भांडवलाला दिलेल्या हमीच्या कामी आले. थोडक्यात, मिठागरांच्या मोलावर रूळ उभा राहिला. अनेक मिठागरं बंद पडली. मिठागर म्हणजे नुसतं मीठ नव्हे. खाडीचं पाणी अडवणारे बांध, मानशी, त्यांची निगा राखणारी माणसं, हे सगळं त्या उत्पन्नावर चालतं. भरपाई सरकारला मिळाली, मिठागरात राबणाऱ्याला नाही. १८९२ मध्ये करार संपला, तो पुढे चालू ठेवला गेला नाही. रूळ मात्र राहिला.

१८८८ पासून मुरगाव ते कॅसलरॉक गाडी धावू लागली. कुळ्याला पोर्तुगीजांची जकात तपासणी, कॅसलरॉकला ब्रिटिशांची. मधला घाट इतका उभा की ३७ फूट पुढे जाताना १ फूट वर चढायचं. दूधसागराच्या अंगाला लागून, डोंगर फोडून, बोगदे काढून हा मार्ग झाला. पोटासाठी मुंबईला निघालेल्या कितीतरी गोंयकारांना याच गाडीने पोचवलं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. १९५५ मध्ये भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा सीमेपलीकडची ही वाहतूक थांबली, ती मुक्तीनंतरच पुन्हा सुरू झाली.

घाटातली वाट बंद होती त्या काळातही सागरी व्यापार थांबला नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला पोलाद उद्योग पुन्हा उभा करायचा होता, त्याला खनिज हवं होतं. आपले डोंगर खणले जाऊ लागले. ट्रकने खनिज नदीकाठी, तिथून बार्जने मांडवी-जुवारीतून मुरगावला. एक टन खनिजामागे अडीच-तीन टन माती बाजूला टाकावी लागते. ती माती पावसात शेतांत आणि नद्यांत उतरली. पुढे चीनची मागणी वाढली आणि २०१०-११ मध्ये गोव्यातल्या बंदरांतून ५ कोटी टनांच्या वर खनिज बाहेर गेलं. त्यात कर्नाटकातून आलेलंही होतं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या तेव्हा कुठे सावर्डे-कुडचड्याच्या रस्त्यांनी श्वास घेतला. अर्थात, ट्रकवाल्यांच्या घरची चूलही तेव्हाच अडली, हेही विसरून चालणार नाही.

आता माल उलट्या दिशेने जातो. ऑस्ट्रेलियासारख्या देशांतून आलेला कोळसा मुरगावात उतरतो, वाघिणींत भरतो आणि बळ्ळारी भागातल्या पोलाद कारखान्यांकडे घाट चढतो. वास्कोत बाल्कनीच्या कठड्यावरून बोट फिरवलं की काळं होतं. मी स्वतः फिरवून पाहिलंय. २०१७ मध्ये बंदर विस्ताराच्या जनसुनावण्यांना लोकांनी गर्दी केली ती या धुळीमुळेच.

एप्रिल २०२० मध्ये, देश घरात कोंडलेला असताना, राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने मोल्यातून जाणाऱ्या प्रकल्पांना मंजुरी दिली. हे दुपदरीकरणही याच जंगलातून जाणारं, त्याला समितीची मंजुरी त्याआधीच, डिसेंबर २०१९ मध्ये, मिळाली होती. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून जंगल २४० चौरस किलोमीटरचं. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला चांदरला लोक रात्रभर रुळांपाशी जागले. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक-कुळे भागाची मंजुरी रद्द केली. केंद्रीय उच्चाधिकार समितीचं म्हणणं साधं होतं: इतक्या उभ्या घाटात दुसरा रूळ टाकून वाहतूक फारशी सुधारणार नाही, जंगल मात्र जाईल. पण न्यायालयाने नव्या अभ्यासासह नवा प्रस्ताव आणायला दार उघडं ठेवलंय, हे ध्यानात असू द्या.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. रेल्वे पाहिजेच. पण दीडशे वर्षांत सीमा पुसली, सरकारं बदलली, माल बदलला, तरी हिशेबाची रीत तीच राहिली. फायदा दोन टोकांना, धूळ मधल्या गावांना, आणि मधल्या गावांना विचारायचं शेवटी. १८७८ मध्ये मिठागराच्या मालकाला कोणी विचारलं नाही, कारण राज्य परक्यांचं होतं. आज ती सबब नाही.

म्हणून उद्या नवा प्रस्ताव आला तर ग्रामसभेत तीनच गोष्टी लेखी मागा. या रुळावरून वर्षाला किती टन कोळसा जाणार? वाघिणी झाकलेल्या असणार का? आणि आपल्यासाठी प्रवासी गाड्या किती वाढणार? उत्तरं इतिवृत्तात नोंदवून घ्या. तोंडी आश्वासनावर उठून येऊ नका.