गाडी ‘टक-टक’ करते पण सुरू होत नाही? नवीन बॅटरी घेण्याआधी हे तपासा

पहाटे मासळी बाजारात निघायचं आहे किंवा रात्री घरातल्या आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं आहे. चावी फिरवली तर बोनेटमधून नुसता ‘टक-टक’ आवाज येतो आणि इंजिन काही फिरत नाही. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन पट्ट्यात हा अनुभव अनेक गाडीवाल्यांना येतो. अशा वेळी बॅटरी गेली असं धरून लोक थेट नवीन बॅटरी घेतात. पण कित्येकदा बॅटरी चांगली असते, फक्त तिच्या टर्मिनलवर क्षार चढलेला असतो.

किनाऱ्यावर हा त्रास जास्त का?

खाऱ्या हवेमुळे धातू लवकर गंजतो. त्यात आगरदांडा-दिघी किंवा बागमांडला-वेसवी जेटीवरून गाडी नेताना अंगावर येणारे समुद्राचे तुषार आणि मासळीच्या टपांतून गळणारं खारं पाणी. दिव्याला थोडाच करंट लागतो, पण सेल्फला शंभर अँपिअरहून जास्त लागतो. जोडणीवर गंज असेल तर दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण सेल्फ फिरत नाही.

आवाज ओळखा

हेडलाइट लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा आणि चावी फिरवा.

- भराभर ‘टक-टक-टक’ आणि दिवे मंद: बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल खराब आहे.
- दिवे एकदम विझतात, चावी सोडली की परत लागतात: जोडणी सैल किंवा गंजलेली आहे.
- एकच मोठा ‘टक’ आणि दिवे तसेच प्रखर: सेल्फ मोटर किंवा तिच्या सोलेनॉइडचा दोष असू शकतो.
- आवाजच नाही: फ्यूज, रिले किंवा चावीचा स्विच तपासून घ्या. काही गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, तेही बघा.

एका वेळी ५ सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा.

टर्मिनल कसं साफ करावं?

१. चावी काढून घ्या. जवळ विडी-सिगारेट, आगकाडी नको, कारण बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो.
२. आधी मायनस (−) वायर सोडवा, मग प्लस (+). बऱ्याच छोट्या गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो.
३. पांढरा-हिरवा थर असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा. पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. डोळे आणि हात सांभाळा, त्या थरात ॲसिड असतं.
४. कोरडं करून पॉलिश पेपरने धातू चमकवा.
५. जोडताना आधी प्लस, मग मायनस. घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा.

मायनस वायर बॉडीला आणि इंजिनला जिथे जोडलेली असते, ती ‘अर्थिंग’ची जागाही घासून घ्या. ती खाली, चिखलात असते म्हणून बहुतेक जण विसरतात.

बॅटरी खरंच उतरली आहे का?

मीटर असेल तर गाडी काही तास बंद ठेवून मोजा. साधारण १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. गाडी सुरू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे नसतील तर अल्टरनेटर चार्जिंग करत नाही. मग नवीन बॅटरी घातली तरी तीही उतरणार.

अडलेल्या वेळी

जंपर केबल असेल तर लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला लावा. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला. ट्रक-डंपर बहुधा २४ व्होल्टचे असतात, त्यांच्यावरून छोटी गाडी सुरू करू नका.

गिअरवाली गाडी धक्क्यानेही सुरू होते. चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून ठेवा आणि वेग आला की सोडा. ऑटोमॅटिक गाडीला हे चालत नाही. घाटातल्या उतारावर हा प्रयोग नकोच, कारण इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात.

पुराच्या पाण्यात उभी असलेली गाडी

जुलै २०२१ मध्ये सावित्रीचं पाणी महाड शहरात शिरलं, तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. अशा गाडीला सेल्फ मारूच नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर एक ‘टक’ होऊन इंजिन अडकतं, आणि जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची मायनस वायर काढा आणि गाडी ओढून गॅरेजला न्या.

टर्मिनल साफ आहे, बॅटरी चार्ज आहे, तरी एकच ‘टक’ येत असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. सेल्फचे कार्बन ब्रश किंवा सोलेनॉइड बदलूनही बऱ्याचदा काम होतं, पूर्ण सेल्फ बदलायची गरज नसते. आधी तसं विचारून घ्या.

पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा टर्मिनल साफ करा. आणि घरात पेशंट असेल तर बोनेट उघडत बसू नका, आधी १०८ ला फोन लावा. गाडी नंतरही बघता येईल.