माला आणि क्रम : मराठी व्याख्यानपरंपरेविषयी

‘व्याख्यानमाला’ हा शब्द आपण इतक्या सवयीने वापरतो, की त्यातील ‘माला’ या पदाकडे आपले लक्ष जात नाही. माळेतील फुले एका दोऱ्यात असतात; एक फूल दुसऱ्यातून उमललेले नसते. पहिल्या दिवशी शेतीचे अर्थकारण, दुसऱ्या दिवशी तुकाराम, तिसऱ्या दिवशी अंतराळयान, चौथ्या दिवशी एखाद्या अभिनेत्याची मुलाखत, अशी आपल्याकडील बहुतेक व्याख्यानमालांची मांडणी असते. श्रोता रोज नव्याने येऊन बसतो आणि उठून जातो. पाचव्या दिवशीचा वक्ता चौथ्या दिवशी काय बोलले गेले हे जाणत नाही, आणि जाणण्याची त्याला गरजही नसते. या रचनेने मराठी समाजाला काय दिले आणि काय द्यायचे राहून गेले, विशेषतः चित्र, शिल्प, वास्तू आणि एकूण संस्कृतीचा इतिहास या विषयांत काय राहून गेले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रौढांनी एकत्र बसून ज्ञानविषयक निबंध ऐकावेत ही कल्पना आपल्याकडे १८४८ साली संस्थारूपाला आली. त्या वर्षी मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी काढलेल्या सभेची मराठी शाखा म्हणून ‘उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा’ स्थापन झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर तिचे अध्यक्ष होते. सभेत वाचलेले निबंध छापता यावेत म्हणून १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघाले. पुढे १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. त्याच वर्षी रानड्यांच्या निमंत्रणावरून दयानंद सरस्वती पुण्यात आले आणि त्यांच्या व्याख्यानांनी शहर ढवळून निघाले. बोललेला शब्द त्या काळी एक सामाजिक शक्ती होती, हे यावरून ध्यानात यावे.

वसंत व्याख्यानमाला चालविणाऱ्या संस्थेचे नाव ‘वक्तृत्वोत्तेजक सभा’ असे आहे. उत्तेजन द्यायचे ते वक्तृत्वाला, हे या नावातच स्पष्ट आहे. विचार मांडणारी, वाद करणारी, सरकारपुढे आणि समाजापुढे उभी राहून बोलू शकणारी माणसे त्या पिढीला हवी होती, आणि ती तिने घडविलीही. तेव्हा या नावाला दोष देण्याचे कारण नाही. मात्र या रचनेचे केंद्र वक्ता आहे. श्रोत्याने काल काय ऐकले, आज तो त्यात काय मिळवतो आणि उद्या कोठे पोहोचेल, हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही. नाशिकसह महाराष्ट्रातील अनेक शहरांनी पुढे हीच रचना उचलली.

जवळजवळ त्याच सुमारास इंग्लंडमध्ये प्रौढशिक्षणाची एक वेगळी पद्धत आकार घेत होती. केंब्रिजच्या जेम्स स्टुअर्ट या तरुण अध्यापकाने १८६७ साली उत्तरेकडील काही शहरांत स्त्रियांच्या मंडळांपुढे खगोलशास्त्रावर ओळीने व्याख्याने दिली. प्रत्येक व्याख्यानाचा आराखडा छापून तो वाटत असे, प्रश्न छापून देत असे आणि लेखी उत्तरे तपासत असे. रॉचडेल येथे कामगारांच्या सहकारी संस्थेपुढे बोलताना त्याने भिंतीवर काही आकृत्या टांगल्या होत्या. पुढचे व्याख्यान होईपर्यंत त्या तशाच राहू दिल्या गेल्या. मधल्या आठवड्यात कामगार त्यांच्यापुढे उभे राहून आपापसांत चर्चा करीत राहिले, आणि पुढल्या वेळी त्याला लवकर येऊन त्यांच्या शंका ऐकाव्या लागल्या. व्याख्यानाला जोडून भरणारा वर्ग अशा रीतीने जन्माला आला. १८७३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने ही योजना अधिकृतपणे स्वीकारली.

मला यातील भिंतीवर राहिलेल्या आकृत्या महत्त्वाच्या वाटतात. बोललेला शब्द हवेत विरतो. टांगलेली आकृती माणसाला पुन्हा आपल्यासमोर उभी करते. कलेच्या इतिहासाचे शिक्षण या पुन्हा उभे राहण्यावाचून होऊ शकत नाही. एखाद्या शिल्पाविषयी ऐकलेली माहिती स्मरणात राहील, पण त्या शिल्पातील कमरेचा बाक, हाताची मुद्रा, दगडाचा पोत या गोष्टी दुसऱ्या-तिसऱ्या पाहण्यातच दिसू लागतात.

येथे असे वाटणे शक्य आहे, की क्रमाने शिकण्याची ही पद्धत परकी आहे आणि आपल्या मातीत ती नव्हतीच. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. चातुर्मासात देवळात लागणारी पोथी हा प्रौढांसाठीचा क्रमबद्ध श्रवणवर्गच होय. एक ग्रंथ, एक पुराणिक, तोच श्रोतृवृंद आणि चार महिन्यांचा अवधी. काल जेथे थांबलो तेथून आज पुढे, हा त्याचा साधा नियम. चित्राच्या बाबतीतही आपण अगदीच रिक्तहस्त नव्हतो. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी एका आख्यानाची चित्रे पोथीसारखी एकत्र ठेवतात आणि एकेक चित्र समोर धरून कथा गातात. तेथे शब्द आणि चित्र हातात हात घालून चालतात, आणि चित्रांचा क्रम हाच कथेचा क्रम असतो. पोथीच्या श्रवणात प्रश्नाला फारशी जागा नव्हती आणि देवळाचे दार सर्वांना सारखे उघडे नव्हते, हे खरेच. नव्या व्याख्यानाने प्रश्नाला जागा करून दिली, विषय धर्माबाहेर नेला. ते करताना जुन्या श्रवणातील सातत्य मात्र मागे पडले.

स्वातंत्र्योत्तर काळात विद्यापीठांनी ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले; बॅ. मु. रा. जयकर हे त्याचे पहिले कुलगुरू. तेथील बहिःशाल शिक्षण मंडळाने विद्यापीठ गावोगावी नेले. ‘बहिःशाल’ हा शब्दच किती अर्थपूर्ण आहे! शाळेच्या भिंतीबाहेरही शाळा असू शकते, असे तो सांगतो. परंतु जयकरांच्या नावाने गावोगावी जे रुजले ते पुन्हा व्याख्यानमालेच्याच रूपात. वक्ता तालुक्याच्या गावी जातो, बोलतो आणि परततो.

एका कलेच्या बाबतीत तेवढा अपवाद घडला, आणि तो महाराष्ट्रातच घडला. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले. प्रा. सतीश बहादूर आणि संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी चित्रपट रसास्वादाचे जे अभ्यासवर्ग रूढ केले, त्यांत शिक्षक, पत्रकार, नोकरदार, गृहिणी अशी सर्व प्रकारची प्रौढ माणसे काही आठवडे एकत्र बसून चित्रपट पाहू लागली. ‘पथेर पांचाली’सारखी एकच कृती दृश्यागणिक थांबवून, मागे जाऊन, पुन्हा पाहणे हा बहादूर यांच्या अध्यापनाचा गाभा होता. त्यातून चित्रपट ‘वाचता’ येणारा एक वर्ग तयार झाला आणि फिल्म सोसायट्यांना जाणता प्रेक्षक मिळाला. चित्र, शिल्प आणि वास्तू यांच्या वाट्याला असे भाग्य मराठीत क्वचितच आले. मुंबईतील काही संग्रहालये आणि संस्था कलेतिहासाचे उत्तम अभ्यासक्रम चालवितात. पण त्यांची भाषा प्रामुख्याने इंग्रजी आणि त्यांचा परिसर महानगरी.

साहित्याच्या अध्यापकांना याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आमच्या मराठी विभागांतून मर्ढेकर शिकविले जातात. संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. रा. भा. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) संदर्भग्रंथ म्हणून सांगितली जाते. परंतु मर्ढेकरांचा विचार सर्व ललित कलांना कवेत घेऊ पाहणारा आहे. ज्या विद्यार्थ्याने एकही चित्र दहा मिनिटे पाहिलेले नाही, रेषेचा विरोध आणि रंगाचा समतोल डोळ्यांनी अनुभवलेला नाही, त्याला ती तत्त्वे केवळ शब्द म्हणून भेटतात. सौंदर्यशास्त्र आहे आणि सौंदर्यवस्तू समोर नाही, अशी ही विचित्र अवस्था आहे. द. ग. गोडसे यांचे ‘पोत’ (१९६३) या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. वस्त्राच्या विणीवरून मराठी साहित्याकडे आणि कलेकडे पाहणारा हा लेखक मुळात चित्रकार आणि नेपथ्यकार होता. त्याची समीक्षा डोळ्यांतून आलेली आहे.

आता नागपूरकडे वळू. येथे शिकण्याजोगी सामग्री किती आहे हे पाहिले म्हणजे क्रमाचा अभाव अधिकच खटकतो. १८६३ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयाला नागपूरकर ‘अजब बंगला’ म्हणतात. या नावात कुतूहल आहे, जिव्हाळाही आहे. परंतु संग्रहालय हे एकामागून एक नवल दाखविणारे घर आहे, हा समजही आहे. म्हणजे तेथेही मालाच. एका वस्तूचे दुसरीशी नाते जोडले, की नवलाचे ज्ञान कसे होते, याचा धडा म. म. वा. वि. मिराशी यांच्या कार्यात सापडतो. १९३९ मध्ये वाशीमचा वाकाटक ताम्रपट प्रकाशात आला. त्यातील वंशावळीच्या आधारे मिराशींनी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील, पूर्वीच वाचला गेलेला झिजका शिलालेख पुन्हा वाचला. सर्वसेन हे नाव आधीच्या वाचनात नीट लागले नव्हते. ते आता लागले. वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, येथील वाकाटक शाखा स्पष्ट झाली आणि हरिषेणाच्या काळाशी अजिंठ्याचे नाते पक्के झाले. विदर्भातील एका तांब्याच्या पत्र्याने जगप्रसिद्ध चित्रांचा आश्रयदाता उलगडून दाखविला. ही कथा एका व्याख्यानात सांगता येते. पण ती ‘कळण्यासाठी’ ताम्रपटाची अक्षरे, वंशावळ, लेणे आणि रामटेकच्या टेकडीवरील केवल नरसिंहाचे मंदिर हे सारे एकापुढे एक ठेवावे लागते.

प्रतापनगर, खामला, त्रिमूर्तीनगर या आमच्या भागात निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी, अभियंते यांची मोठी वस्ती आहे. वेळ आहे, वाचनाची सवय आहे, सभागृहेही आहेत. येथून दीक्षाभूमी फारशी दूर नाही. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला तेथे धम्मदीक्षा झाली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षेसाठी नागपूरच का निवडले हे सांगताना नाग लोकांच्या इतिहासाचा आधार घेतला. लाखोंच्या समुदायापुढे दिलेले सांस्कृतिक इतिहासाचे असे व्याख्यान आपल्या देशात विरळाच. त्या समुदायातील बहुतेकांना पूर्वी ना पोथीजवळ जागा होती ना सभागृहात. आजही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तेथील पुस्तकांच्या दुकानांवर जी गर्दी उसळते, ती प्रौढशिक्षणाच्या कोणत्याही इतिहासात नोंदविली गेली पाहिजे.

त्या भूमीवरील स्तूप २००१ मध्ये खुला झाला. त्याला सांचीचा आकार आहे; परंतु सांचीचा स्तूप भरीव असून त्याला बाहेरून प्रदक्षिणा घालावयाची असते, आणि हा आतून पोकळ आहे, त्यात माणसे प्रवेश करतात, एकत्र बसतात. आकार तोच ठेवून अर्थ कसा बदलतो, हे समजण्यासाठी याहून चांगला पाठ कोणता? त्याच्या शेजारी भंडारा जिल्ह्यातील पवनीचे प्राचीन स्तूप ठेवावेत. तेथे १९६९-७० च्या उत्खननात मुचलिंद नागाचे शिल्प मिळाले. नागाची प्रतिमा, नागांविषयीचे भाषण आणि पोकळ स्तूप, एवढ्यावर चार आठवड्यांचा वर्ग सहज उभा राहील.

व्याख्यानमालेच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. तिला बहुधा शुल्क नसते, प्रवेशअर्ज नसतो, परीक्षा नसते. अर्ध्यातून येणाऱ्यालाही ती खुर्ची देते. अभ्यासक्रम म्हटला की शुल्क येते, पात्रता येते, प्रमाणपत्र येते आणि हळूहळू दार अरुंद होते. म्हणून मालेचे उघडे दार ठेवून क्रमाचे सातत्य आणावे, एवढीच अपेक्षा आहे. नागपूरचा उन्हाळा बाहेर पडू देत नाही. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत आठ रविवार काढणे अवघड नाही. एकच अध्यापक किंवा परस्परांशी बोलून येणारे दोघे, छापलेले एक पान, भिंतीवर पुढच्या रविवारपर्यंत राहणारे चित्र, आणि दोन रविवारी प्रत्यक्ष रामटेक वा पवनी. आमच्या महाविद्यालयांतील मराठीचे विद्यार्थी या वर्गात आजी-आजोबांच्या शेजारी बसले, तर मर्ढेकरांचा ‘समतोल’ त्यांना पहिल्यांदा डोळ्यांनी दिसेल. पोथी ऐकणारी आपली पूर्वीची पिढी रोज संध्याकाळी पुराणिकाला एक प्रश्न विचारीत असे : काल कोठे थांबलो होतो? व्याख्यान संपल्यावर टाळ्या वाजवून उठण्यापूर्वी तो प्रश्न आपण पुन्हा विचारू लागलो, तर हे काम सुरू झाले असे समजावे.