ऋतुसंधीचे १४ दिवस

हेमाडपंत म्हटले की दगडी देवळे आठवतात. परंतु देवगिरीच्या यादवांच्या या १३व्या शतकातील मंत्र्याने वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या वैद्यकग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीकाही लिहिली.

सरत्या ऋतूचे शेवटचे ७ आणि येत्या ऋतूचे पहिले ७ दिवस म्हणजे ऋतुसंधी, असे वाग्भट सांगतो. या काळात जुना आहारविहार क्रमाक्रमाने सोडावा, नवा तसाच अंगीकारावा. एकाएकी पालट केल्यास रोग जडतात.

वाग्भटाच्या मते वर्षा ऋतूत जठराग्नी मंदावतो, पित्त साचते आणि शरदाच्या उन्हाने ते प्रकोप पावते. त्यावर त्याने कडू औषधींनी सिद्ध केलेले तूप सांगितले. तेच तिक्तक घृत कुष्ठ, अर्थात त्वचाविकारांच्या चिकित्सेतही येते. उदर आणि त्वचा यांचा विचार प्राचीन वैद्यांनी एकत्रच केला होता.