मत-व्यापार : अंदाज, पैसा आणि कायदा

क्रिकेट सामन्याचा निकाल, निवडणुकीतील जागा किंवा शेअर निर्देशांकाची पातळी यांविषयीच्या अंदाजावर ऑनलाइन पैसे लावण्याच्या प्रकारास मत-व्यापार अर्थात ‘ओपिनियन ट्रेडिंग’ असे म्हटले जाते. प्रश्नाचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असते. दोन्ही उत्तरांच्या किमतींची बेरीज १० रुपये धरल्यास, ६ रुपयांना ‘होय’ घेणाऱ्यास अंदाज खरा ठरल्यावर शुल्क वजा जाता १० रुपये मिळतात. चुकल्यास सहाही रुपये जातात. एकाचा लाभ ही दुसऱ्याची हानी असते.

मुंबईला हा प्रकार अपरिचित नाही. न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या दरांवर येथे आकडे लावले जात. १९६० च्या दशकात त्यातूनच मटका फोफावला.

नफा, ‘स्टॉप लॉस’ अशा शब्दांमुळे मत-व्यापार गुंतवणुकीसारखा भासतो. मात्र हे व्यवहार प्रतिभूतींचे नसल्याने गुंतवणूकदार संरक्षणाची कोणतीही यंत्रणा त्यांना लागू होत नाही, असे ‘सेबी’ने २९ एप्रिल २०२५ रोजी स्पष्ट केले.

ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन विधेयकास २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, उपलब्ध करून देणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ कोटी रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद या कायद्यात आहे. खेळणाऱ्यास शिक्षा नाही. तथापि, १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार पैजेचा करार निरर्थक असतो. पैजेत जिंकलेली रक्कम दावा लावून वसूल करता येत नाही.