मुक्काम कोण पूर्ण करते?

व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झालेल्या काही स्त्रिया ठरलेला मुक्काम पूर्ण करतात, काही मध्येच घरी जातात. कोण राहते, कोण जाते आणि का, हा या अभ्यासक्षेत्राचा मुख्य प्रश्न आहे. मानसशास्त्र, समाजकार्य, परिचर्या यांपैकी कोणत्याही वाटेने तुम्ही इथे आला असाल, तुमचे स्वागत.

पहिले उत्तर सहज सुचते: ज्याचा त्याचा स्वभाव. मानसशास्त्रज्ञ कोस्टा आणि मॅक्रे यांच्या व्यक्तिमत्त्वाच्या पंचघटक चौकटीतली भावनिक अस्थिरता आणि कर्तव्यनिष्ठा ही दोन परिमाणे इथे विशेष कामाची. पण दारू किंवा गोळ्या नुकत्याच सुटलेल्या बाईला झोप नसते, हात कापतात, जीव घाबरा होतो. त्या आठवड्यात प्रश्नावली भरून घेतली, तर कागदावर उतरतो तो स्वभाव किती आणि विथड्रॉवल, म्हणजे नशा थांबल्यावरचा त्रास, किती? म्हणून चाचणी कोणत्या दिवशी घेतली, हे गुणांइतकेच महत्त्वाचे.

दुसरे उत्तर आयुष्यातल्या ताणाचे. होम्स आणि राहे यांनी १९६७ साली ४३ जीवनघटनांना गुण दिले: जोडीदाराच्या मृत्यूला १००, लग्नाला ५०, सासरच्यांशी बेबनावाला २९. त्या यादीत नवऱ्याच्या मारहाणीची नोंदच नाही. ती घटना एकदा घडून सरत नाही, रोज घडते. घटना मोजणारी पट्टी तिथे तोकडी पडते. पुढे लाझारस आणि फोकमन यांनी १९८४ मध्ये दाखवले की, प्रसंगाचा अर्थ माणूस कसा लावतो आणि तो पेलायला आपल्या हाती काय आहे असे त्याला वाटते, यावरही ताण ठरतो. स्वभाव आणि ताण यांची गाठ इथे पडते.

पण स्वभाव आणि ताण यांच्याखेरीज तिसरी बाजू केंद्राची असते. फ्लोरिडातल्या एका निवासी केंद्रात कोकेनच्या व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या स्त्रियांच्या चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटातल्या आयांना मुले जवळ ठेवता आली. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या सरासरी सुमारे ३०० दिवस राहिल्या, दुसऱ्या गटातल्या सुमारे १०२ दिवस. केंद्राचा नियम बदलला आणि ‘टिकणाऱ्या’ बायका वाढल्या. उपचार अर्धवट सोडणे हा बाईचा दोष मानण्यापूर्वी हे आकडे आठवावेत.

आपल्याकडे पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झाले; त्याचा स्त्रियांसाठीचा ‘निशिगंध’ विभाग २००९ मध्ये आला. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मद्य घेणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २७.३ टक्के, तर स्त्रियांचे १.६ टक्के आढळले. लोकलाजेमुळे न सांगितलेले व्यसन कोणत्याही सर्वेक्षणातून निसटू शकते. प्रमाण लहान असले, तरी एवढ्या मोठ्या देशात त्या टक्क्यामागे लाखो स्त्रिया आहेत.

कोणताही अभ्यास वाचताना तीन प्रश्न सोबत ठेवा. ‘पूर्ण’ म्हणजे किती दिवस? बाई स्वतः गेली, नियम मोडल्यामुळे तिला काढले, की घरच्यांनी नेले? आणि दारापर्यंत पोहोचूच न शकलेल्या स्त्रियांविषयी हे निष्कर्ष काय सांगू शकतात? आपला नमुना केंद्राच्या आतला असतो. तेवढ्यावरून व्यसनी स्त्रीचा स्वभाव ठरवण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.