चित्रपटाचा दाखला आणि प्रेक्षकाचे वय

यवतमाळच्या चित्रपटगृहात दिवे मालवले की पडद्यावर प्रथम दिसतो तो सरकारी दाखला. त्यावरील एकदोन अक्षरे वाचण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो. परंतु चित्रपट कोणी पाहावा, या प्रश्नाचे उत्तर त्या अक्षरांत असते, आणि ते सापडण्यास दीर्घ काळ लागला.

१९१८ साली चलच्चित्रांचा कायदा झाला व १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून येथे परीक्षणमंडळे बसली. यवतमाळ तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडत असे. त्या प्रांतास स्वतःचे मंडळ नव्हते. अन्यत्र दाखला मिळालेला चित्रपट तेथे येई. तो आपल्या जिल्ह्यात तूर्त थांबविण्याचा अधिकार मात्र जिल्हा मॅजिस्ट्रेटला असे. चित्रपट दाखवावा की दाखवू नये, एवढाच काय तो विचार होई. पाहणारा दहा वर्षांचा की चाळीस वर्षांचा, हे कोणी पुसत नसे. इंग्लंडात मात्र १९१२ साली स्थापन झालेल्या मंडळाने सर्वांसाठी व प्रौढांसाठी असे दोन वर्ग प्रारंभीच केले होते.

याचा परिणाम काय झाला? १९३० साली प्रभात कंपनीच्या व्ही. शांताराम यांना ‘स्वराज्य तोरण’ या शिवकालीन मूकपटाचे नाव बदलून ‘उदयकाल’ असे ठेवावे लागले. जणू सारी प्रजाच अजाण बालक!

स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या दुरुस्तीने, ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी व ‘ए’ म्हणजे केवळ प्रौढांसाठी, हे दोन वर्ग आले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी आपल्या अनुबोधपटास मिळालेल्या ‘ए’ दाखल्याविरुद्ध दाद मागितली, तेव्हा १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने वयानुसार केलेली ही विभागणी योग्य ठरविली. १९८३ साली बारा वर्षांखालील मुलांसाठी पालकांचे मार्गदर्शन सुचविणारा ‘यूए’ वर्ग निघाला. २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे सात, तेरा व सोळा वर्षे असे तीन टप्पे झाले.

या दोन दाखल्यांतील भेद ध्यानी घेण्याजोगा आहे. ‘ए’ चित्रपटास अठरा वर्षे पुरी न झालेल्यास प्रवेश नाही. तेथे दार अडविणे हे चित्रपटगृहाचे कर्तव्य होय. ‘यूए’चा आकडा कोणासही अडवीत नाही. तो आईबापांना केवळ सावध करतो, आणि मुलास आत न्यावे की नाही याचा निर्णय त्यांच्यावरच सोपवितो. तिकीट काढण्यापूर्वी ती अक्षरे वाचली, तरच त्या सूचनेचा उपयोग.